उष्मांकांचा हिशेब आणि युक्ताहार

मनुष्याने किती खावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. परंतु थोडा खोल विचार केला असता तो धर्माचाही आहे, असे ध्यानात येते. कारण भोजन ही अशी क्रिया आहे की, जी राजाला व रंकाला, गृहस्थाला व संन्याशाला, ज्ञानी पुरुषाला व अज्ञ बालकाला नित्य करावी लागते. जी क्रिया आपण आयुष्यात सहस्रावधी वेळा करतो, तिच्यात विवेक नसेल, तर इतर क्रियांत तो कोठून येणार?

हल्ली घरोघरी एक नवीन चिंता दिसते. अंगमेहनत कमी झाली, बसून करावयाची कामे वाढली, आणि पोटाचा घेर वाढत चालला. वैद्य सांगतात, वजन उतरवा. मग मनुष्य विचारतो, "दिवसाला नेमके किती उष्मांक खाऊ?" या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते, आणि तो आकडा घेऊन पुष्कळ लोक जेवणाच्या पाटावर बसू लागले आहेत. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, घास मोजून खाणे हे गीतेने सांगितलेल्या युक्ताहाराचे अंग आहे, की ती देहासक्तीचीच एक नवी तऱ्हा आहे?

या विषयी दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, अन्न हे ब्रह्म आहे, ते भगवंताचा प्रसाद म्हणून घ्यावे. त्याला तराजूत घालणे हा त्याचा अनादर होय. शिवाय नाशवंत देहाचे वजन करीत बसणे मुमुक्षूला शोभत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, या सर्व भावनेच्या गोष्टी आहेत. शरीर हे यंत्र आहे, त्यात किती घालावे हे गणिताने ठरते, आणि आकडा बरोबर ठेवला की बाकीचे आपोआप होते. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरे आहेत, असे मला अनुभवाने कळून आले. तो अनुभव सांगण्यापूर्वी उष्मांक म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू.

उष्मांक म्हणजे काय?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. म्हणजे उष्मांक हे अन्नाचे वजन नव्हे, की त्याचा गुणही नव्हे. ते अग्नीचे माप आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए व लाप्लास या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लहान प्राण्यास बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने मनुष्य आत काही दिवस राहू शकेल अशी खोली तयार करून देहातील या अग्नीचा जमाखर्च मोजला. पिष्ट पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमातून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमातून सुमारे ९ उष्मांक मिळतात, हे जे कोष्टक आज सर्वत्र वापरले जाते, ते त्याच परिश्रमाचे फळ आहे.

हे वाचताना गीतेच्या पंधराव्या अध्यायातील चौदाव्या श्लोकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन, प्राणापानांच्या योगाने चतुर्विध अन्न मीच पचवितो, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. यावरून गीतेत आहारशास्त्र लपलेले आहे, असा दावा मी करीत नाही. असे दावे गीतेचा गौरव वाढवीत नाहीत. परंतु एक गोष्ट निश्चित की, पोटातील अग्नीला जो भगवंताचे रूप मानतो, त्याने त्या अग्नीला किती आहुती द्यावी याचा विचार करणे अधर्म ठरत नाही. यज्ञकुंडातही समिधा मोजूनच घालतात. ओंजळीने तूप ओतले, तर अग्नी प्रसन्न होत नाही, मंडपच पेटतो.

गणित कसे मांडावे?

माझे स्वतःचे उदाहरण देतो. माझे वय ६२ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असताना वैद्यांनी रक्तातील साखर सीमारेषेवर आली आहे, असे सांगितले व वजन कमी करण्यास बजावले. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता माझा अंक २९ आला. आपल्या देशातील लोकांच्या बाबतीत हा अंक २३ पर्यंत जावा, २५ वर गेला म्हणजे स्थूलता समजावी, असे येथील वैद्यकाचे मत आहे.

आता निजून राहिलो तरी हृदय, श्वास, मेंदू यांना दिवसाला किती उष्मांक लागतात? यासाठी १९१९ मध्ये हॅरिस व बेनेडिक्ट यांनी एक सूत्र दिले होते. १९९० मध्ये मिफ्लिन व सेंट जॉर यांच्या नावाने ओळखले जाणारे नवे सूत्र आले, व तेच आज अधिक वापरात आहे. ते असे : वजनाची दहापट, अधिक उंचीच्या सेंटिमीटरांची सव्वासहापट, उणे वयाची पाचपट. या बेरजेत पुरुषाने ५ मिळवावेत व स्त्रीने १६१ वजा करावेत. माझा हिशेब ८२० अधिक १०५० उणे ३१० अधिक ५, म्हणजे १५६५ झाला. बैठे जीवन असेल तर या संख्येस १.२ ने गुणावे, थोडे चालणे-फिरणे असेल तर सुमारे १.४ ने. मी बैठा, म्हणून १८७८. वजन आहे तेथे राखावयाचे, तर दिवसाला इतके खावे. कमी करावयाचे, तर यातून तीनशे ते पाचशे उष्मांक वजा करावेत. वैद्यांशी बोलून मी १५०० चा नेम धरला.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात, असे धरून चालतात. रोजची तूट ३७८ ची, म्हणजे महिन्याची ११,३४० ची; तेव्हा महिन्यास दीड किलोच्या आसपास वजन उतरावे. पहिल्या चार महिन्यांत माझे सहा किलो उतरले. पुढे गती मंदावली, आणि तसे होणारच होते. देह हलका झाला की त्याची गरजही घटते. ७२ किलोस हेच सूत्र लावले, तर १७५८ ची गरज निघते, आणि १५०० च्या नेमातील तूट अवघी २५८ राहते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक मध्येच निराश होतात व व्रत सोडतात, किंवा उतावीळपणे आहार आणखी तोडतात. फळ आपल्या अपेक्षेच्या वेगाने आले नाही, म्हणून कर्म टाकणे किंवा कर्माचा अतिरेक करणे, ही फलासक्तीची दोन्ही रूपे येथे स्पष्ट पाहावयास मिळतात.

हेही ध्यानात ठेवावे की, हे सूत्र अमेरिकेतील ४९८ निरोगी स्त्रीपुरुषांच्या मोजमापावरून बसविलेले आहे. ते एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत शेकडा दहाने सहज चुकू शकते. म्हणजे माझे १५६५ हे वस्तुतः १४०० ही असतील, १७०० ही असतील. सूत्र दिशा दाखविते. वाट चालून पाहावी लागते. दोन-तीन आठवडे नेमाने वागून, वजन पाहून, मग नेमात थोडा फेर करावा, हाच खरा मार्ग होय.

शास्त्रांतही मोजमाप आहे

आता पहिल्या पक्षाकडे वळू. मोजून खाणे हा अन्नाचा अनादर आहे काय? आपल्या धर्मसूत्रांनी मुनीस आठ, वानप्रस्थास सोळा व गृहस्थास बत्तीस घास नेमून दिले आहेत. आणि ब्रह्मचाऱ्यास मात्र मोजमाप नाही, असे सांगितले आहे. चांद्रायण व्रतात चंद्राच्या कलेबरोबर घास एकेकाने वाढवीत पौर्णिमेस पंधरा करावयाचे व पुन्हा एकेकाने उतरवीत आणावयाचे असतात. जैन साधकांच्या बाह्य तपांत ऊणोदरी, म्हणजे भुकेहून कमी खाणे, हे एक तपच मानले आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात उदराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रव पदार्थांसाठी व एक वात-पित्त-कफांच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. त्याच चरकांनी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना निंदित देहांत केली आहे, हे विशेष.

बौद्धांच्या संयुत्तनिकायात कोसलराजा प्रसेनजिताची कथा आहे. तो राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांच्या दर्शनास आला. बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. भोजनात मात्रा जाणणाऱ्या, सावध मनुष्याच्या वेदना हलक्या होतात, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाने आपल्या सुदर्शन नावाच्या तरुण सेवकास ती गाथा पाठ करावयास लावून रोज पान वाढल्यावर म्हणण्यास सांगितले. हळूहळू राजा द्रोणावरून एका नाळीच्या मापावर आला, आणि आपल्या सडसडीत झालेल्या अंगावरून हात फिरवीत त्याने बुद्धांचे उपकार मानले. या कथेत तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. राजाने आहार एकदम तोडला नाही, पायरीपायरीने उतरविला. त्याने आपल्या मनावर विसंबून न राहता स्मरण देणारा माणूस जवळ ठेवला. आणि त्याला जे मिळाले, त्याचे श्रेय त्याने स्वतःकडे घेतले नाही.

तात्पर्य, मोजणे हे अधार्मिक नाही. उलट, ज्याला आपण "सहज खाणे" म्हणतो, ते बहुधा जिभेचे खाणे असते. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण काही उगाच पडलेली नाही. ज्वारीच्या साठ ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे दोनशे उष्मांकांची असते. उपवासाच्या दिवशी पाऊणशे ग्रॅम साबूदाणा, तीस ग्रॅम दाण्याचे कूट व पंधरा ग्रॅम तूप घालून केलेली खिचडीची एक बशी साडेपाचशेच्या घरात जाते. आकडा येथे आपला मित्र आहे. तो आपल्या आत्मवंचनेवर बोट ठेवतो. मी वही ठेवू लागल्यावर प्रथम जे कळले ते हे की, मी "फारसे काही खात नाही" असे जे शपथेवर सांगत असे, ते खोटे होते. चार वेळच्या चहातील दोन-दोन चमचे साखर, येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, नातवंडांच्या ताटातील उरलेला लाडू, यांची बेरीज एका जेवणाइतकी भरत होती. आपल्याविषयी सत्य जाणणे हा जर अध्यात्माचा आरंभ असेल, तर त्या वहीने माझा आरंभ करून दिला, असेच मी म्हणेन.

गणित कोठे चुकले?

परंतु येथेच माझ्या अभिमानाने घात केला. सहा किलो उतरले तेव्हा मी ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगू लागलो. स्वयंपाकघरात तोलकाटा आला. जेवताना मी म्हणत असे, "आज चौदाशेतच भागविले. जिंकलो!" घरात एखाद्याने दुसरी पोळी घेतली, तर मी बोलत नसे, पण माझी दृष्टी बोलत असे. माझी नात तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने एकदा भात ताटात तसाच ठेवला, तेव्हा मी तिला शाबासकी दिली व म्हणालो, "पाहा, हिला संयम कळतो."

तीन महिन्यांनी ती शाळेतून अर्ध्या दिवसातच घरी आली. तिला चक्कर येत होती. सूनबाईंनी तिचे दप्तर आवरताना एक वही काढली व मुकाट्याने माझ्यापुढे ठेवली. माझ्या वहीसारखीच ती आखलेली होती. तारीख, पदार्थ, उष्मांक. शेवटच्या पानांवर रोज एकच संख्या गाठलेली दिसत होती : ९००. आणि तिच्या खाली माझाच शब्द लिहिलेला होता : "जिंकले."

मी काहीच बोलू शकलो नाही. माझी पत्नी मात्र म्हणाली, "अहो, तुम्ही भाकरी मोजत होतात. पोर तुमचे कौतुक मोजत होती."

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाने आपल्या देशासाठी जी कोष्टके तयार झाली आहेत, त्यांतील २०२० च्या कोष्टकाप्रमाणे बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषास २११० व ५५ किलोच्या स्त्रीस १६६० उष्मांक लागतात. आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस २४०० लागतात. म्हणजे ज्या मुलीला माझ्याहून कितीतरी अधिक अन्नाची गरज होती, तिला मी, आजोबा म्हणून, अल्पाहाराचे बक्षीस देत होतो. माझ्या वहीतील गणित बरोबर होते. माझ्या घरातील गणित चुकले होते. धर्मसूत्रकारांनी मुनीचे घास आठ ठरवून वाढत्या वयाच्या ब्रह्मचाऱ्याला मोजमाप का ठेवले नाही, ते त्या दिवशी मला समजले.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिला पूर्ववत् होण्यास बरेच महिने लागले. एके दिवशी मी तिच्याजवळ बसून दोघांचेही आकडे एका कागदावर मांडले, आणि तिला सांगितले की, तुझे ताट माझ्या ताटाहून मोठे असले पाहिजे. तिने विचारले, "आजोबा, मग मी जास्त खाल्लं तर हरले असं नाही ना?" या प्रश्नाने मला जितके लाज वाटावयास लावले, तितके कोणत्याही निंदेने लावले नसते. अन्नात जिंकणे-हरणे आणणारा मीच होतो.

गीतेची कसोटी

सहाव्या अध्यायात सोळाव्या व सतराव्या श्लोकांत भगवंतांनी अतिभोजन करणारा व मुळीच न खाणारा, या दोघांनाही योग साधत नाही, असे एका दमात सांगितले आहे; आणि मग आहार, विहार, कर्म, निद्रा व जागरण यांत जो युक्त आहे, त्याचा योग दुःखनाशक होतो, असे म्हटले आहे. येथे "अल्प" असा शब्द न घालता "युक्त" असा शब्द घातला आहे, याकडे माझे लक्ष पूर्वी कधी गेले नव्हते. युक्त म्हणजे जोडलेले, त्या-त्या ठिकाणी योग्य बसणारे. नांगरणाऱ्याचा युक्ताहार वेगळा, कारकुनाचा वेगळा. गर्भिणीचा वेगळा, वृद्धाचा वेगळा. सर्वांना एकच आकडा लावणे ही समता नव्हे. आचार्य विनोबांनीही गीता प्रवचनांत या अध्यायाचे विवेचन करताना चित्ताच्या एकाग्रतेबरोबर जीवनाची परिमितता व समदृष्टी ही दोन साधने सांगितली आहेत. मी परिमितता घेतली व समदृष्टी सोडली, म्हणून माझी परिमितता अहंकाराचे खाद्य झाली.

दुसऱ्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात निराहारी मनुष्याचे विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते, असे सांगितले आहे. या वचनाची प्रचीती एका आधुनिक प्रयोगात आली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे जाणण्याचा त्यात हेतू होता. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्यांचे चित्त अन्नापासून सुटले काय? उलट, ते रात्रंदिवस अन्नाचेच चिंतन करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले. ताटे चाटू लागले. खिन्न व चिडखोर झाले. देहाला पिळल्याने मन मुक्त होत नाही, ते अधिकच गुंतते. सतराव्या अध्यायात देहाला व्यर्थ कष्टविणाऱ्या, दंभ व अहंकार यांनी युक्त अशा तपाची गणना भगवंतांनी आसुरी निश्चयात केली आहे, ती किती यथार्थ आहे!

म्हणून कसोटी अशी लावावी. मोजल्याने अन्नाचे चिंतन कमी होते की वाढते? मोजून झाले, ताट वाढले, आणि मग मनुष्य निश्चिंतपणे जेवून आपल्या कामास लागला, तर ते मोजणे युक्त. मोजल्यावरही दिवसभर तोच विषय मनात घोळत राहिला, एक घास अधिक गेला म्हणून पश्चात्ताप व एक कमी गेला म्हणून गर्व होऊ लागला, तर ते मोजणे बंधन. औषधाचा चमचा घरात असावा. त्याची देवघरात स्थापना करू नये.

वाचलेला घास कोणाचा?

आणखी एक विचार सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. ज्या उष्मांकाने आज आपण आपले वाढलेले पोट मोजतो, त्याच उष्मांकाने आपल्या देशाने दारिद्र्य मोजले आहे. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागात माणशी २४०० व शहरात २१०० उष्मांक ही गरज धरून, तेवढे अन्न ज्याला मिळू शकत नाही तो दरिद्री, अशी रेषा आखली. पुढे ती पद्धत बदलली. परंतु आकड्याची ही दोन तोंडे विसरण्याजोगी नाहीत. एका घरात तो आकडा ताटातून काय काढावे ते सांगतो, दुसऱ्या घरात ताटात काय पडले नाही ते सांगतो. तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्याला भगवंतांनी पाप खाणारा म्हटले आहे. तेव्हा ज्याने अतिरिक्त अन्न सोडले, त्याने ते कोठे गेले याचाही हिशेब ठेवावा.

आणि तो हिशेब घरापासूनच सुरू होतो. आपल्या कुटुंबांत पुरुषाने ताटात टाकलेले बहुधा कोणाच्या पोटात जाते? घरातील गृहिणीच्या. "वाया जाऊ नये" म्हणून ती ते खाते. पतीचे वजन उतरते, तिचे वाढते, आणि दोघांनाही कारण कळत नाही. याच्या उलट, कित्येक घरी ती सर्वांच्या मागून जेवते व तळाला उरलेल्यावर भागविते. यास्तव कमी खाण्याचा निश्चय ताटात वाढून घेण्यापूर्वी, किंबहुना चुलीवर आधण ठेवण्यापूर्वीच करावा. पानात टाकून नव्हे.

आचरणासाठी

वजन उतरविण्याचा ज्यांना वैद्यांनी सल्ला दिला आहे, अशा गृहस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या, अशी नम्र सूचना आहे.

१. प्रथम वैद्यांस विचारावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आपल्या मनाने आहार तोडल्यास साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. वाढीच्या वयातील मुले, गर्भिणी व स्तनदा माता यांनी हा हिशेब मुळीच स्वतः करू नये.

२. सूत्राने गरज काढावी व त्यातून तीनशे ते पाचशेच वजा करावेत. महिन्यास एक ते दोन किलो पुष्कळ झाले. देह वर्षानुवर्षे वाढला आहे. त्याला पंधरवड्यात उतरविण्याची घाई करू नये.

३. डाळ, उसळ, ताक, भाजी यांना कात्री न लावता साखर, तळण व वरून घेतलेले तेल-तूप यांस लावावी. तुपाचा पंधरा ग्रॅमांचा चमचा सुमारे १३५ उष्मांकांचा असतो. तेवढ्यात वाटीभर वरण येते. केवळ संख्या पाहून सत्त्व टाकू नये.

४. रोज काही अंतर चालावे. अध्यायात आहारासोबत विहारही सांगितला आहे, हे विसरू नये.

५. काही आठवडे वही ठेवावी. प्रमाण डोळ्यांत बसले की ती मिटावी. वजन आठवड्यातून एकदाच पाहावे.

६. आपला आकडा आपल्यापाशी ठेवावा. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, व मुलांसमोर कोणाच्याही देहाच्या जाडीविषयी स्तुती वा निंदा करू नये.

७. जेवणाआधी क्षणभर भगवंताचे स्मरण करावे. पचविणारा अग्नी त्याचा, अन्न त्याचे, आणि शेजारी बसलेला जेवणाराही त्याचाच.

माझे वजन आज ७३ किलोंच्या आसपास आहे. सूत्राप्रमाणे ते आणखी उतरावयास हवे. पण वैद्य समाधानी आहेत आणि मीही आहे. तोलकाटा फळीवर वर ठेवला आहे. दिवाळीच्या फराळाचे जिन्नस मोजण्यास तो उपयोगी पडतो. नातीची ती वही मात्र मी माझ्या गीतेच्या प्रतीशेजारी ठेवली आहे. कधी मनात असे येते की, आपण इंद्रिये जिंकली, तेव्हा ती उघडून पाहतो. नात आता माझ्या शेजारीच जेवायला बसते, आणि तिला दुसऱ्यांदा भात वाढताना माझा हात थांबत नाही.

सर्वांच्या देहातील त्या एकाच वैश्वानराने आम्हांस आपली मात्रा ओळखण्याची बुद्धी द्यावी, आणि दुसऱ्याची भूक ओळखण्याचीही द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.